शाळा पाहिली, सोयरिक पाहतात तशी

निघण्याआधी

मी चौथी शिकलो. त्यापुढं शाळेचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा कोणती शाळा बरी आणि कोणती वाईट हे सांगणारा हा बुढा कोण, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण पोरगी कोणत्या घरी द्यावी आणि कोणत्या घरी देऊ नये, हे मला कळतं. माझ्या पोरीची, भावाच्या पोरींची, साळीच्या पोरीची सोयरिक मी आणि माझ्या बायकोनं जमवली. त्यातली एकही रडत माघारी आली नाही. शाळा मी त्याच रीतीनं पाहिली. हसू येईल त्यानं हसावं.

समू माझी नात. मुलगा आणि सून पुण्याकडं कंपनीत आहेत, दोघांच्याही पाळ्या. पोरगी बोलायला लागली नव्हती तेव्हापासून ती आमच्याजवळ, आजीच्या पदराखाली वाढली. दिवाळीच्या तोंडावर तिची आजी गेली. ताप होता, दवाखान्यात नेलं, आणि परत आणली ती बोलण्याच्या पलीकडची. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. लिहायला बसलं की हात थांबतो.

संक्रांतीला मुलगा आला तेव्हा समू ओट्यासमोर पाटावर उभी राहून भाकर थापत होती आणि मी ताट घेऊन बसलो होतो. तो तसाच बाहेर गेला. मग मला आंगणात बोलावून म्हणाला, "बाबा, हे बरं नाई दिसत. लेकरू हाय ते."

खोटं नव्हतं. आजी गेल्यापासून समू एवढी शहाणी झाली होती की मला भीती वाटायची. हट्ट नाही, रडणं नाही, खेळणं नाही. संध्याकाळी दिवा लावते, माझ्या गोळ्या काढून देते, पाहुणा आला की पाणी आणते. दहा वर्षांची पोरगी नव्या सुनेसारखी घरात वावरायची.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. समू यंदा चौथीत. पुढं शेजारच्या रोहण्याला जाता येतं, पण अडचण शाळेची नव्हती, शाळेतून घरी आल्यावरची होती. घरी मी. मुलगा म्हणाला, पुण्याला नेतो. मग स्वतःच म्हणाला, "पण तिथं सकाळी तुमची सून जाते, दुपारी मी जातो. मधात पोरगी कुलपात."

तिसरा रस्ता बेबीचा. बेबी म्हणजे माझी पोरगी, समुद्रपूरच्या पुढं एका खेड्यात दिलेली. तिचा मुलगा शिकायला नागपूरला, घर रिकामं. ती फोनवर म्हणाली, "माह्याकडं पाठवा ना बाबा. आमच्या गावची शाळा आठवीपर्यंत हाय."

मुलगा म्हणाला, "जिल्हा परिषदेची हाय ना? तुमी जाऊन पाहा. पण खरं सांगजा बाबा. पोरगी जवळ राहावी म्हणून वाईट शाळेले बरी सांगू नका."

मला राग आला. पण बोलणं बरोबर होतं. शाळा बरी निघाली तर समू आपल्या जिल्ह्यात, आत्याजवळ. सुट्टी लागली की एस.टी.नं माझ्याकडं. नाही निघाली तर जूनमध्ये पुणे, आणि मग वर्षातून एकदा भेट. माझं मन आधीच एका बाजूला पडलेलं होतं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी समूच्या गुरुजींना विचारून तिला दोन-चार दिवस शाळेतून काढलं आणि आम्ही निघालो.

पुलगाव, वर्धा, हिंगणघाट

पुलगावपर्यंतचं काय सांगू, धूळ. तिथून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट. गाडीतून पाहिलं ते सांगतो. गहू पिवळा पडला होता. हरभरा सोंगून ढीग लावले होते. पऱ्हाटीला शेवटचा कापूस लटकलेला, तो वेचायला कुणाला फुरसत नव्हती. आणि पळस. आमच्या आर्वीकडं पळस आहे, पण संत्र्यांच्या बागांत झाकून जातो. हिंगणघाटच्या पुढं रान उघडं, तिथं तो एकटाच पेटलेला दिसतो.

हिंगणघाटच्या स्टँडवर पोहे खाल्ले. तर्री एवढी तिखट की मला ठसका लागला आणि अर्धी वाटी नव्या सदऱ्यावर. सदरा मी खास शाळेसाठी घातला होता. समूनं रुमाल भिजवून पुसला, डाग आणखी पसरला. बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, ती पाहत होती.

"कुठी चालली व माय?" तिनं समूला विचारलं.

"शाळा पाह्याले."

"शाळा काय पाह्याची असते? शाळेत तर पाठवतेत."

"आमचे आबाजी पाहून पाठवतेत," समू म्हणाली.

म्हातारीनं माझ्या सदऱ्याकडं पाहिलं. "मग असेच जाणार काय?"

तसाच गेलो.

ही गाडीतली वेळ मला जड गेली, ते सांगून टाकतो. सोयरिक पाहायला जाताना बायको खिडकीजवळ बसायची आणि मी बाहेरच्या बाजूला. आमची वाटणी ठरलेली होती. मी पुढच्या खोलीत बाप्या माणसांत बसायचो. वावर किती, पाणी किती, पोरगा काय करतो, बोलण्यात किती मोठेपणा. ती पाणी प्यायच्या निमित्तानं मागं जायची. न्हाणी पाहायची, चूल पाहायची, घरची सून सासूसमोर मान वर करून बोलते का ते पाहायची. परतीच्या गाडीत दोघं आपापलं सांगायचो. कित्येकदा पुढून घर सोन्याचं असायचं आणि तिनं एक शब्द टाकला की संपलं. आता पुढचं पाहायला मी होतो. मागचं पाहायला कुणी नव्हतं.

बेबीकडं

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, "काका, गावात सांगा, पाहुण्यांत सांगा, पण कुठं छापाल तर नाव टाकू नका. वरचे लोक वाचतात." त्यांचा शब्द पाळतो.

गाव लहान आहे. समुद्रपूरहून गाडी आत वळते आणि नाल्याशी सोडून देते. तिथून चालायचं. जवाईबुवा घ्यायला आले होते. बेबीनं गोळाभात केला होता, भातात डाळीचे गोळे आणि वरून हिंग-लसणाचं गरम तेल. आमच्याकडं दोन्ही वेळा भाकर किंवा पोळी लागते, भात चवीपुरता. इकडं जेवण म्हणजेच भात. बोलणंही जरा निराळं, प्रत्येक गोष्टीला "जी" लावतात. "बसा जी, घ्या जी." आमच्याकडं एवढा मान दिला तर माणूस विचारतो, काय काम आहे बावा.

बेबीनं समूला वाढायला पातेलं उचलू दिलं नाही. "ठेव ते. बस तिथं." समू बसली खरी, पण हात कुठं ठेवावे हे तिला कळत नव्हतं.

शाळा, पुढून

सकाळी धुतलेला सदरा घालून गेलो. डाग तसाच.

शाळा गावाच्या टोकाला. एका ओळीत खोल्या, समोर व्हरांडा, कडुलिंबाची दोन मोठी झाडं. भिंतीवर नकाशा रंगवलेला, त्यात आपला जिल्हा लाल. मी समूला तो दाखवला आणि आपलं गाव कुठं येतं ते विचारलं. तिनं बोट ठेवलं. मग बेबीच्या गावावर दुसरं बोट ठेवलं. मधे तिची वीतही भरली नाही. मला बरं वाटलं. भिंतीवरचं अंतर होतं ते, पण तरी.

मुख्याध्यापक ढोबळे सर. उंच, पिकलेले केस, शर्टाच्या खिशाला शाईचा ठिपका. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः बाकावर बसले. चहा मागवला. मी मनात म्हटलं, वरबाप नम्र आहे. नम्र वरबापाची मला आधी भीती वाटते.

"पोरगी पाचवीत येईल?" त्यांनी विचारलं.

"पाहून सांगतो," मी म्हणालो. "पाह्याले आलो."

"पाहा. सगळं उघडंच आहे."

पाचवी, सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसतात. मला आधी चूक वाटली. सहावीचं तोंड पूर्वेच्या फळ्याकडं, सातवीचं पश्चिमेच्या, पाचवी दाराजवळ, आणि सर मधात फिरतात. सहावीला गणित घालून सातवीकडं वळतात, तोवर सातवीतल्या दोन पोरी पाचवीचं वाचन घेतात. आवाज भरपूर, पण बाजारातल्यासारखा नाही. कापूस वेचताना बाया आपापल्या ओळीत चालत बोलत असतात ना, तसा. पहिली ते चौथी एक मॅडम बघतात, त्या हिंगणघाटहून स्कुटीनं येतात. आठवीत पोरं बोटावर मोजण्याएवढी, ती कार्यालयात बसतात.

समूला सरांनी पाचवीत बसवलं. तिनं हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत. विचारलं तर उत्तर बरोबर, पण आवाज एवढा लहान की सरांना वाकावं लागलं.

दुपारी वरण-भात झाला. स्वयंपाक करणारी बाई जाड, मोठ्या आवाजाची, तिला सगळे मावशी म्हणतात. तिनं ताट माझ्यापुढं आणलं.

"जेवत नाई मी," मी म्हणालो. "सोयरिक पाह्याले गेलं की आमच्यात चहा घेतेत, जेवण घेत नाईत. जेवलं म्हणजे पसंत."

"सोयरिक?" मावशीनं सरांकडं पाहिलं. "सर, हे कोणाची सोयरिक पाहून राह्यले?"

सरांना हसू आलं. "काका, हे जेवण नाही. लेकरांना वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव पाहायची, असा नियमच आहे. रोज मी पाहतो. आज पालक आहे तर पालकानं पाहावी."

नियम म्हणाले म्हणून मी एक घास घेतला. मीठ जरा कमी होतं, तसं सांगितलं.

"हाव बाप्पा," मावशी म्हणाली, "एका घासात खोट काढली. खराच पोरीवाला हाय."

शाळा, मागून

पुढून घर बरं होतं. आता मागचं. पोरं जेवत होती, सर वाढत होते. मी पाणी प्यायचं निमित्त केलं आणि शाळेच्या मागं गेलो.

मागं हातपंप, त्याच्याजवळ ताटं धुवायचा ओटा, आणि पलीकडं दोन दारं. एकावर मुलं, एकावर मुली. एवढं वाचता येतं. पोरीची जात पाचवी-सहावीत गेली की शाळेत सगळ्यात आधी काय लागतं, हे बायकोनं मला बेबीच्या वेळी सांगितलं होतं. म्हणून मी मुलींच्या दाराकडं निघालो. दाराशी एक मोठी पोरगी पाठ टेकून उभी होती.

"कुठी चालले बाबा?" तिनं विचारलं.

"आतमधी पाणी हाय का ते पाह्यतो."

"आतमधी पोरगी हाय."

"बरं. मग थांबतो."

आणि मी थांबलो. खरं सांगतो, मला यात काही वावगं वाटलं नाही. आतली निघाली की पाहू, एवढाच विचार. ती पोरगी माझ्याकडं पाहत राहिली, मग तोंड वर करून ओरडली, "मॅडम, एक बुढा हटून नाई राह्यला!"

मॅडम पळत आल्या. हातात वरणाचा पळा तसाच. "काका, इथं काय करताय तुम्ही?"

मी सांगू लागलो की पोरगी द्यायची आहे, मागून घर पाहावं लागतं. जसं जसं सांगत गेलो तसं तसं मलाच ऐकू येऊ लागलं की मी काय बोलतो आहे. मागं ताटं घेऊन पोरं जमा झाली. त्यांत समू होती. तिनं ताटानं तोंड झाकलं होतं.

"पाहायचं असेल तर शाळा सुटल्यावर मला सांगा, मी दाखवते," मॅडम म्हणाल्या. "असं मुलींच्या दाराशी उभं राहायचं नाही. कुणीच."

"चुकलं," मी म्हणालो.

त्या बाईनं मला झापलं ते मला आवडलं. तेव्हा नाही आवडलं. घरी जाताना आवडलं. माझ्यासारखा पिकल्या केसांचा माणूस पाहून ज्या घाबरत नाहीत, त्या दुसऱ्या कुणाला काय घाबरतील.

शाळा सुटल्यावर समू माझ्या चार पावलं पुढं चालत होती. नाल्याजवळ थांबली.

"आबाजी, आजी कधी अशी उभी राह्यली होती काय?"

"नाई. ते बाईमाणूस होतं. ते आत बसून बोलत जाय."

"मग मले काऊन नाई सांगितलं? मी गेली असती."

बेबीकडं दिवेलागणीला आंगणात बसलो. समूनं आपलं सांगितलं. जेवणानंतर ती ओट्यावर ताटं धुणाऱ्या पोरींत जाऊन बसली होती.

"त्या दाराले कडी नाई," ती म्हणाली. "म्हून एक पोरगी बाहेरून दार धरते. ज्या पोरीले जायचं असते ते दुसरीले घेऊन जाते. मोठी लहानीसाठी धरते. कुणी नाई म्हणत नाई. वर्ग चालू असला तरी सर दोघींले सोडतेत."

मी त्या पोरीला रिकामी उभी समजलो होतो.

"पाणी हाय?"

"हाय. बादली भरून ठेवतेत. पोट्टे पंप मारतेत, पण अर्धं पाणी आंगावर उडवतेत. आणि मावशी वरण दुसऱ्यांदा देते, भात नाई देत. आणि मॅडम रागावली तरी मारत नाई."

आणखी काही गोष्टी तिनं मला नाही, बेबीला सांगितल्या. दोघी आत गेल्या, बराच वेळ कुजबुज चालली. मी विचारलं नाही. बेबी बाहेर आली आणि मानेनंच बरं आहे म्हणाली. जवाईबुवांनी तंबाखू मळून पुढं केली. मी आंगणातल्या रिकाम्या बाजेकडं पाहत बसलो.

दुसरा दिवस

सकाळी ढोबळे सरांना सरळ विचारलं. "कडी काऊन नाई?"

"लावतो, आणि जाते," सर म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी गावातलेच कुणीतरी काढून नेतात. मागं दोनदा लावली. आता लावायची सोडली, ती माझी चूक."

"आणखी काय नाई?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि मी असा वरबाप जन्मात पाहिला नाही. म्हणाले, इंग्रजी कच्चं आहे, माझंही. विज्ञानाचं सामान पेटीत आहे, पण ती उघडायला मला वेळ मिळत नाही, कारण फोनवर माहिती भरण्यात रोजचा एक तास जातो. सातवीच्या बाजूचा कोपरा पावसाळ्यात गळतो. मला निवृत्तीला थोडे दिवस राहिले. माझ्यानंतर कोण येईल, ते माहीत नाही. आठवीचा वर्ग कधीही बंद करतील. पट कमी झाला तर मॅडमची जागा जाईल.

"म्हणजे तुमाले पोरगी पाह्यजे," मी म्हणालो.

"पाहिजे तर. एकेका लेकरासाठी आम्ही उन्हाळ्यात घरोघर फिरतो."

"मग हे सगळं मले काऊन सांगून राह्यले? मी विचारलं तरी तुमाले लपवता आलं असतं."

"मागच्या वर्षी लपवलं होतं," सर म्हणाले. "आमची शाळा अशी, आमची शाळा तशी. दिवाळीत पालक आले, दाखला घेऊन गेले. पोराचं अर्धं वर्ष गेलं. ते पोरगं जाताना माझ्याशी बोललं नाही. त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं."

माझ्या मुलानं मला सांगितलं होतं खरं सांगा म्हणून, आणि इथं दुसराच माणूस आपल्या तोट्याचं खरं बोलत होता. गेलो आणि जवाईबुवांना घेऊन आलो. त्यांच्याकडं जुन्या दाराची जाड कडी होती. आम्ही ती आतल्या बाजूनं लावली. या वेळी मॅडम दाराशी उभ्या होत्या आणि मुलींना पलीकडं थांबवलं होतं. स्क्रूची डोकी जवाईबुवांनी ठोकून बसवली, म्हणजे काढणाऱ्याला घाम यावा. राहील की जाईल, देव जाणे.

हात धुवायला हातपंपावर आलो तर मधली सुट्टी झाली होती. कडुलिंबाखाली पोरींची लंगडी रंगली होती. समूला त्यांनी खेळायला घेतलेलं दिसलं. ती रिंगणाच्या कडेनं चालत होती, पळत नव्हती. लंगडी घालणारीनं तिला हात लावला.

"बाद."

समू बाहेर निघाली. मग थांबली. "तुहा दुसरा पाय टेकला होता."

"नाई टेकला."

"टेकला. मी पाह्यलं."

"तू कालची आली, तू काय पाह्यते?"

"कालची आली तरी डोये हायेत मले. चिटिंग करतं तू."

त्या पोरीनं तिला ढकललं. समूनं तिची वेणी धरली. दोघी मातीत. बाकीच्या पोरी गोल उभ्या राहिल्या, अर्ध्या हिच्या बाजूनं, अर्ध्या तिच्या. मी दोन पावलं पुढं टाकली आणि थांबलो. समूचं तोंड लाल झालं होतं, केस सुटले होते, आणि ती तारस्वरात भांडत होती. दिवाळीपासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. घरात तिनं ताटसुद्धा आदळलं नव्हतं कधी.

मावशी पदर खोचत आली आणि दोघींना दोन हातांनी उचलून उभं केलं. "पाह्यलं का जी पोरीवाले," ती मला म्हणाली, "तुमची तर येण्याआधीच नांदाले लागली."

मी मागं वळून पुन्हा हात धुतले. तोंडही धुतलं. तिथं पाणी होतं ते बरं झालं.

सुट्टी संपायच्या आत त्या दोघी एकाच बाकावर होत्या. समूच्या गालावर ओरखडा. वर्गात सरांनी काहीतरी विचारलं आणि तिनं हात वर केला. उत्तर चुकलं. ती हसली.

फोन

संध्याकाळी मुलाला फोन लावला. त्यानं पहिल्यांदा तेच विचारलं, "खरं सांगून राह्यले ना बाबा?"

मी सगळं सांगितलं. तीन वर्ग एका खोलीत. इंग्रजी कच्चं. कोपरा गळतो. सर जाणार, पुढचं माहीत नाही. दाराला कडी नव्हती, आज लावली, उद्या चोरीला जाऊ शकते. तो हूं हूं करत होता. प्रत्येक हूं आधीच्यापेक्षा बारीक.

"मग बाबा, हे तर..."

"थांब. आणखी एक हाय. समू आज भांडली."

"कोणाशी?"

"एका पोट्टीशी. लंगडी खेळताना. झिंज्या ओढल्या दोघींनी."

फोनमध्ये नुसता यंत्रांचा आवाज. मला वाटलं कटला.

"कोण जिंकलं?" तो म्हणाला.

"मावशीनं सोडवलं. पण आपली वर होती."

तो हसला. "राहू द्या तिथंच, बाबा," तो म्हणाला. "इंग्रजीचं मी पाहीन. सुट्टीत आणीन तिले इकडं."

रात्री बेबीनं वाढलेलं पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी शाळेत गेलो आणि सरांना म्हणालो, "पोरगी पसंत असन तर आमाले घर पसंत हाय." त्यांनी खुर्ची सोडून माझा हात हातात घेतला. काही मोठं बोलले नाहीत. जूनमध्ये दाखला आणा, एवढंच.

परत

परतीच्या गाडीत समू खिडकीजवळ बसली. मी बाहेरच्या बाजूला. वर्ध्यापर्यंत तिनं डोकं काचेला टेकवून ठेवलं. मला वाटलं झोपली.

"आबाजी, मी नाई जात तिथं."

"काऊन? शाळा नाई आवडली?"

"आवडली."

"मग?"

"तुमची भाकर कोण करीन?"

"तू काय माही सून हाय?"

"मग कोण करीन, सांगा ना."

"मी करीन."

"तुमाले येत नाई."

"तुले कुठी येत होती? शिकली ना? मी बी शिकीन. जून अजून दूर हाय."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिच्या आजीचे डोळे आहेत तिला, लपवता येत नाही काही. "तुमाले मी गेलेली चालते?"

मुलाला खरं सांगितलं होतं, सरांनी मला खरं सांगितलं होतं. आता हिला काय सांगायचं. समोरच्या सीटच्या मागं कुणीतरी नाव कोरलं होतं, मी तेच वाचत होतो.

"नाई चालत," मी म्हणालो. "बिलकूल नाई चालत. तरी तू जाजो."

ती खिडकीकडं वळली. मीही तिकडंच पाहिलं. बाहेर ऊन होतं, काय पाहणार.

पुलगावला उतरलो तर आमच्या गावाकडची गाडी लागलेली होती आणि दाराशी गर्दी. समूनं पिशवी उचलली आणि पळाली. मी हळूहळू गेलो, माझ्या गुडघ्यांना आता पळून गाडी धरता येत नाही. आत चढलो तेव्हा पुढच्या सीटवर तिचा रुमाल अंथरलेला होता, एकाच माणसापुरता. मी बसलो. तिला शोधलं तर ती मागं उभी होती, रोहण्याच्या शाळेच्या गणवेशातल्या दोन अनोळखी पोरींत, दांड्याला लटकून, गालावरचा ओरखडा त्यांना दाखवत.